पीआयडी लूप ट्यूनिंगसाठी सॉफ्टवेअर निवडायचंय, मदत हवी आहे

मंडळी नमस्कार, मी प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन बघतो. आमच्याकडे साधारण दीडशे पीआयडी लूप (मोजमाप बघून व्हॉल्व्ह आपोआप हलवणारे कंट्रोल) आहेत, अर्धे डीसीएसवर (प्लांटची मुख्य कंट्रोल सिस्टीम), अर्धे दोन वेगवेगळ्या पीएलसींवर (स्वतंत्र छोटे कंट्रोलर), आणि त्यातले बरेच ऑपरेटर लोक मॅन्युअलमध्येच ठेवतात कारण ऑटोत टाकलं की हंटिंग (सतत वर-खाली झुलणं) सुरू. इतकी वर्षं एक जुने साहेब हाताच्या अंदाजाने गेन-रिसेट (कंट्रोलरने किती जोराने आणि किती वेळात दुरुस्ती करायची ते आकडे) लावायचे, ते रिटायर झाले आणि काम माझ्याकडे आलं. मला ते अंदाजाने करायचं नाहीये.

रिबॉयलरच्या (डिस्टिलेशन कॉलम तापवणारा हीटर) टेंपरेचर लूपवर बंप टेस्ट घेतली, म्हणजे आउटपुट एकदम थोडं हलवून तापमान कसं बदलतं ते बघितलं. प्रोसेस गेन १.२, डेड टाइम (परिणाम दिसायला लागेपर्यंतचा वेळ) २ मिनिटं, टाइम कॉन्स्टंट (त्यानंतर बदल बराचसा पूर्ण व्हायला लागणारा वेळ) ८ मिनिटं आला. झिग्लर-निकोल्सने पीआयचा गेन ३ येतो आणि रिसेट साधारण ६.७ मिनिटं, ते टाकलं तर कॉलम बराच वेळ झुलत राहिला. ती १९४२ ची पद्धत, प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या पाव उरावी या हिशोबाने बांधलेली, त्यामुळे झुलणारच. मग एसआयएमसी या सौम्य ट्यूनिंग नियमाने गेन १.६७ आणि रिसेट ८ मिनिटं टाकलं, एकदम शांत. पण हे एका लूपचं झालं, दीडशे लूप मी वहीत कधी करणार?

म्हणून सॉफ्टवेअर. लूप-प्रो, मॅटलॅबचा पीआयडी ट्यूनर, डेल्टाव्हीमधला इनसाइट अशी नावं वाचली. दोन डेमोमध्ये एकाच डेटावर गेन जवळपास सारखा आणि रिसेटचा आकडा ६० पट वेगळा आला, नंतर कळलं की एक सेकंदात देतो, दुसरा मिनिटात! आमच्या एका पीएलसीत तर गेनऐवजी प्रपोर्शनल बँड (१०० भागिले गेन) आहे. हे सगळं सांभाळणारं, आणि बंप टेस्ट न करता हिस्टोरियनच्या (प्लांटचा जुना डेटा साठवणारी सिस्टीम) डेटावर चालणारं कुठलं घ्यावं?

प्रतिसाद

हिस्टोरियनचा डेटा किती सेकंदांचा आहे ते आधी बघा. फ्लो लूप काही सेकंदांत उत्तर देतो आणि हिस्टोरियन मिनिटाची सरासरी ठेवत असेल, वरून कॉम्प्रेशन (छोटे बदल गाळून साठवणं), तर त्यातून कुठलंही सॉफ्टवेअर खरं मॉडेल काढू शकत नाही. एका टाइम कॉन्स्टंटमध्ये निदान दहा सॅम्पल हवेत. शिवाय आउटपुट हललेलंच नसेल तर त्या डेटात शिकण्यासारखं काहीच नसतं, म्हणून बंप टेस्ट पूर्ण टळेल असं मानू नका, निदान सेटपॉइंटचे (लूपला दिलेली हवी ती किंमत) बदल तरी लागतील.

डेमोला कंपनीचा नमुना डेटा घेऊ नका, तुमचा सगळ्यात वाईट लूप द्या. तुमच्या कंट्रोलरचा मेक आणि पीआयडीचा प्रकार (आयडियल, सिरीज की पॅरलल) निवडल्यावर आकडे थेट त्याच युनिटमध्ये येतात का बघा. लेव्हल लूपसाठी इंटिग्रेटिंग मॉडेल (टाकीसारखं, जिथे पातळी आपोआप स्थिरावत नाही) आहे का, कॅस्केड (बाहेरच्या लूपचं आउटपुट हाच आतल्याचा सेटपॉइंट) आहे का, हेही विचारा. कॅस्केडमध्ये आतला लूप आधी, बाहेरचा नंतर.

आणि हे सगळं करण्याआधी व्हॉल्व्ह तपासा. झुलणारा लूप मॅन्युअलला टाका, झुलणं थांबलं तर कारण त्याच लूपमध्ये आहे. मग आउटपुट अर्धा-अर्धा टक्का वाढवत जा आणि पीव्ही (लूपने मोजलेली किंमत) कधी हलतो बघा.

मूळ प्रश्नकर्ता

आभारी आहे, आजच केलं. स्टीमचा फ्लो लूप मॅन्युअलला टाकल्यावर झुलणं थांबलं. मग अर्धा-अर्धा टक्का देत गेलो, अडीच टक्क्यांपर्यंत काहीच नाही आणि तीनला व्हॉल्व्ह एकदम उडी मारून उघडला. जुना ट्रेंड काढून बघितला तर आउटपुट त्रिकोणी आणि फ्लो चौकोनी, म्हणजे हा व्हॉल्व्ह चिकटतोय आणि मी महिनाभर त्याचा गेन बदलत बसलो होतो. पॅकिंग (व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचं सील) आणि पोझिशनर (व्हॉल्व्ह नेमक्या जागी ठेवणारं उपकरण) बघायला सांगितलंय.

आता प्रश्न थोडा बदलून विचारतो. दीडशे लूपमधून असे चिकटणारे व्हॉल्व्ह आधी वेगळे काढून देईल आणि मग उरलेल्यांचं ट्यूनिंग सुचवेल असं एकच सॉफ्टवेअर कोणी रोज वापरतंय का? आणि पीएलसी जुने आहेत, फक्त ओपीसी डीए (डेटा देवाणघेवाणीची जुनी पद्धत) बोलतात, तिथे दर सेकंदाला डेटा नीट मिळतो का, तेही सांगा.