मदत हवी आहे: सत्राच्या शब्दांकनात मर्मदृष्टी नेमकी कशी मोजावी?

क्लायंटच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित केलेल्या मानसोपचार सत्रांच्या शब्दांकनात मर्मदृष्टी (इनसाइट), म्हणजे स्वतःच्या वागण्यामागचे कारण क्लायंटला उमगणे, कुठे दिसते, हे आमचे दोन परीक्षक स्वतंत्रपणे नोंदवत आहेत. त्यासाठी ‘असिमिलेशन ऑफ प्रॉब्लेमॅटिक एक्स्पीरियन्सेस’ ही त्रासदायक अनुभव क्लायंटने कितपत सामावून घेतला हे दाखवणारी ० ते ७ पातळ्यांची श्रेणी वापरतो. तिच्यात ४ थी पातळी आकलनाची आहे आणि आमचे मतभेद नेमके तिथेच होतात.

एक क्लायंट सुरुवातीच्या सत्रात सपाट स्वरात म्हणाले, “वडिलांच्या धाकामुळे मी वरिष्ठांसमोर गप्प बसतो, हे मला ठाऊक आहे.” पुढे एका सत्रात बोलता बोलता थांबून ते म्हणाले, “म्हणजे आत्ता तुमच्यासमोरही मी तेच करतोय.” एका परीक्षकाने दोन्ही विधानांना ४ दिले, तर दुसऱ्या परीक्षकाने फक्त दुसऱ्या विधानाला; मला स्वतःला या दुसऱ्या परीक्षकाचेच मत पटते.

‘सेल्फ रिफ्लेक्शन अँड इनसाइट’ ही २००२ ची प्रश्नावली पाहिली, पण ती व्यक्तीची एकूण आत्मजाण मोजते, सत्रातला क्षण नव्हे. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांची मर्मदृष्टी मोजणारी श्रेणी मनोविकृतीच्या (सायकोसिस) रुग्णांसाठी बेतलेली असल्याने आमच्या कामाची नाही. चर्चेने एकमत करून पाहिले, परंतु पुढच्या शब्दांकनात तोच वाद उभा राहिला. सत्रे संपलेली असल्यामुळे क्लायंटला आता काही विचारता येणार नाही.

केवळ बौद्धिक जाण आणि अनुभवातून आलेली जाण वेगळी ओळखण्यासाठी आपण कोणते निकष लिहून ठेवता, आणि विराम किंवा स्वरातला बदल त्यांत धरता का?