मदत हवी आहे: वडिलांची मोर्स पाठवायची पितळी की (कळ), जुना केनवूड रेडिओ सेट आणि मोर्स. सुरुवात कुठून करू?

कोयनाकाठ:
नमस्कार. मी कराडची, वय ५२. माझे वडील तारमास्तर होते. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली, तेव्हा त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्या रात्री ते जेवले नाहीत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या पेटीत लाकडी पाटीवर बसवलेली पितळी की निघाली. ती मला काचेच्या कपाटात ठेवायची नाही. तिच्यावरून कुणाशी तरी बोलायचंय, म्हणून हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन हौसेने चालवायच्या रेडिओच्या) मागे लागलेय.

दोन ठिकाणी अडलेय. जवळच्या गावातल्या एका दिवंगत हॅमच्या घरचे लोक त्यांचा केनवूड टीएस-५२० सेट १५ हजारांना द्यायला तयार आहेत. शेवटचा कधी चालवला होता, ते कुणालाच आठवत नाही. "या, प्लग लावून बघू," म्हणतात. घ्यावा का?

दुसरं मोर्सचं, म्हणजे टिंबं-रेघांच्या लिपीचं. दोन महिने रोज तक्ता घेऊन बसते. कागदावर सगळी अक्षरं येतात, पण ऐकताना टिंबं-रेघा मोजेपर्यंत पुढची दोन अक्षरं निघून गेलेली असतात. बाबा बोटांनी टेबलावर 'कड-कट्ट' वाजवून दाखवायचे, त्यातलं थोडं आठवतं. रेडिओवर ते उपयोगी पडेल का?

जुनासेट:
ताई, प्लग लावू देऊ नका! वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात, एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर फुटू शकतात. मागचा व्होल्टेज सिलेक्टर आपल्या २३० व्होल्टवर आहे का, तेही आधी बघा. पहिल्यांदा सिरीज बल्ब (वीज त्या बल्बमधून जाऊनच सेटला मिळेल असा) लावूनच सुरू करायचा, तोही जाणकार शेजारी असताना. या सेटमध्ये ड्रायव्हर आणि फायनल, म्हणजे प्रक्षेपणाचे शेवटचे टप्पे, व्हॉल्व्हचे (काचेच्या नळ्यांचे) आहेत, आत शेकडो व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काही वेळ राहतात. झाकण तुम्ही उघडू नका.

सेट मात्र गुणी आहे. ऐकण्याचा भाग ट्रान्झिस्टरचा आहे, त्यामुळे व्हॉल्व्हचे हीटर बंद ठेवूनही ऐकता येतं. सीडब्ल्यूचा (रेडिओवरच्या मोर्सचा) अरुंद फिल्टर त्यात वेगळा बसवावा लागायचा, तो आहे का विचारा. मोर्सवाल्याला त्याचं मोल फार. ३० मीटर बँड (लहरींचा पट्टा) यात नाही, पण ४० आणि २० मीटर आहेत, सुरुवातीला तेवढे पुष्कळ.

आणि मुख्य गोष्ट, परवान्याआधी सेट घरी आणू नका. त्या घरच्यांना थोडं थांबायला सांगा. परीक्षा दूरसंचार विभागाची असते, अर्ज सरल संचार पोर्टलवर. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स नाही, जनरलला आहे. तुम्ही जनरलचीच तयारी करा.

डाहडिट:
तक्ता आजच कपाटात टाका. डोळ्यांनी शिकलेलं मोर्स कानाला कळत नाही, माझी स्वतःची दोन वर्षं त्यात गेली. कॉख पद्धतीने शिका: आधी फक्त के आणि एम, ती नव्वद टक्के बरोबर यायला लागली की एकच नवं अक्षर. अक्षराचा वेग मिनिटाला १८-२० शब्दांचा ठेवा आणि दोन अक्षरांमधली जागा वाढवा. एवढ्या वेगात मोजायला वेळच मिळत नाही, अक्षर एका चालीसारखं ऐकू येतं. टिंब म्हणजे 'डिट', रेघ म्हणजे 'डाह'. सीक्यू, म्हणजे कुणीही उत्तर द्या अशी हाक, 'डाह-डिट-डाह-डिट, डाह-डाह-डिट-डाह'. तोंडाने म्हणत राहा, भाजी चिरताना म्हणा.

बाबांच्या कड-कट्टबद्दल: तारयंत्राच्या साउंडरमधून सूर येत नाही, नुसते दोन ठोके येतात, एक दांडी खाली आपटल्याचा आणि एक वर गेल्याचा. त्या दोन ठोक्यांमधलं अंतर म्हणजे टिंब किंवा रेघ. रेडिओत त्याच अंतरभर शिट्टी वाजते. प्रमाण तेच, रेघ तीन टिंबांएवढी, दोन शब्दांमध्ये सात टिंबांएवढी जागा. म्हणजे बाबांची लय तुमच्या कानात आहे, तिला फक्त सूर जोडायचाय.

सेट नाही म्हणून थांबू नका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे दुरून चालवता येणारा रेडिओ, इंटरनेटवर फुकट ऐकता येतो. ७.००० मेगाहर्ट्झपासून थोडं वर, सीडब्ल्यूवर ठेवून बसा. आणि की म्हणजे शेवटी एक स्विच. ५५५ आयसी (छोटी चिप), दोन-चार रेझिस्टर-कपॅसिटर, ९ व्होल्टची बॅटरी आणि छोटा स्पीकर जोडलात की सरावाचा ऑसिलेटर (सूर काढणारं यंत्र) तयार. कीचे संपर्कबिंदू सँडपेपरने घासू नका, कोरा कागद मध्ये धरून ओढा.

जुनासेट:
त्यात एक भर. व्हॉल्व्हच्या काही सेटमध्ये कीच्या टोकांवरच व्होल्टेज असतं. उघडी पितळी की थेट जोडण्याआधी मोजून घ्या.

कोयनाकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. सेटवाल्यांना फोन केला, ते परवाना मिळेपर्यंत थांबतायत आणि तोवर कुणालाही प्लग लावू देणार नाहीत. रात्री ट्वेंटे लावलं. अर्धा तास नुसता पाऊस पडल्यासारखं वाटलं, आणि मग 'डाह-डिट-डाह-डिट' ओळखू आलं. सीक्यू! पुढचं काही कळलं नाही, पण तो माणूस तीन वेळा बोलावत होता, एवढं नक्की.

आता एकच विचारते. बाबांच्या कीची स्प्रिंग फार कडक लागते, मनगट भरून येतं. ती सैल करू, की बिंदूंमधलं अंतर आधी कमी करू? बाबांनी लावलेला स्क्रू फिरवायचा म्हणून हात थांबलाय.

डाहडिट:
आधी अंतर. साधा कागद जेमतेम सरकेल एवढं. मग स्प्रिंग पाव पाव फेरा सैल करत जा. फिरवण्याआधी स्क्रूच्या डोक्यावर आणि खालच्या पट्टीवर पेन्सिलने एक सरळ खूण करा आणि फेरे मोजून लिहून ठेवा, म्हणजे बाबांची जागा कधीही परत सापडेल.