हिरड्याची शाई स्क्रीनवर पसरते, काय करू?

प्रश्न: कापडी पिशव्यांवर स्क्रीनने, म्हणजे नक्षीच्या जाळीतून शाई दाबून, छपाईसाठी हिरडा उकळून त्यात हिराकस (लोखंडाचा क्षार) घातलं. काळा रंग झकास आला, पण शाई पाण्यासारखी, नक्षीच्या कडा फुटतात. पिवळ्यासाठी हळद चालेल का?

उत्तर १: शाई घट्ट करायला गवार गम (गवारीच्या बियांचा डिंक) घाल. रात्रभर भिजव आणि मलमलीतून गाळ, नाहीतर जाळी बुजते. जाळी जरा मोठ्या छिद्रांचीच घे.

उत्तर २: दोन्ही एकत्र कशाला उकळता? शाई भांड्यातच काळी झाली की तिचे कण कापडावर नुसते वर बसतात, धुण्यात निघतात. आधी पिशवी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग हिराकसाची खळ (घट्ट केलेलं पाणी) छापा. काळा रंग धाग्यातच तयार होतो. राजस्थानात बगरूचे छिपे (कापडावर ठसे छापणारे कारागीर) असंच करतात, फक्त हिराकसाऐवजी गंजकं लोखंड नि गूळ पाण्यात आंबवतात आणि चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करतात. कलमकारीवाले (कापडावर कलमाने चित्रं काढणारे) हिरड्यात म्हशीचं दूधही घालतात. त्यातल्या स्निग्धतेने रंग पसरत नाही. वास मात्र सोसावा लागतो! हिराकस बेतानेच, जास्त झालं तर काही वर्षांत कापड तिथेच विरतं.

हळद विसरा. उन्हात उडते, साबण लागला की लाल. कागदावरच्या चित्राला ठीक, तेही अल्बममध्ये ठेवणार असाल तर. पिवळ्यासाठी डाळिंबाची साल आणि तुरटी.

प्रश्नकर्ती: दूध कच्चं की तापवलेलं?

उत्तर २: कच्चं, सायीसकट. आणि स्क्रीनचं इमल्शन (जाळीवर नक्षी धरून ठेवणारा थर) पाण्याला टिकणारं आहे ना, ते आधी बघा.