बास फिशिंगचे व्हिडिओ बघून शिकतोय, पण मुंबईत नेमकं करायचं काय?

भांडुपकर
नमस्कार मंडळी. रात्री जेवण झालं की मोबाइलवर अमेरिकेतली बास नावाच्या माशाची मासेमारी बघायची सवय लागली आहे. रबरी बेडूक पानांवरून टुणटुण ओढत आणायचा आणि खालून एकदम पाणी फुटतं, ते बघून वेड लागायची पाळी आली आहे. घरचे वैतागलेत. गरवणं मला अगदीच नवीन नाही. मामाच्या गावी बांबूची काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि गळाला गांडूळ एवढं केलंय. आता ल्यूरवर, म्हणजे नकली आमिषावर, मासा फसवायला शिकायचंय.

हा बास आपल्याकडे कुठे मिळतो? रील बेटकास्टर घेऊ की साधं स्पिनिंग? व्हिडिओत प्रत्येकाकडे सहा-सहा काठ्या दिसतात, माझं बजेट सगळं धरून पाच-सहा हजार. गाडी नाही, रविवारी लोकलनेच जाणार. पवई तलाव जवळ आहे म्हणून तिथूनच सुरुवात करावी असं डोक्यात आहे.

रोहूवाला
पवईला असंच जाऊन गळ टाकता येत नाही. तिथे महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशन आहे, त्यांच्याकडे जाऊन सभासदत्वाचं आणि परवानगीचं विचारा. तलावात मगरी आहेत, ही अफवा नाही. गुडघाभर पाण्यात उतरून फेकायचे प्रकार तिथे चालणार नाहीत.

बाकी माझं मत विचाराल तर ल्यूरच्या नादाला लागू नका. पेंड आणि कणीक मळा, छान वास लावा, कटला-रोहूची वाट बघत सावलीत बसा. दिवसभर हात फिरवत बसण्यापेक्षा बरं.

खाडीपार
रोहूवाले, तुमची पेंड तुम्हाला लखलाभ. पोराला पाणी फुटलेलं बघायचंय आणि तुम्ही त्याला सावलीत बसवताय.

भांडुपकर, तू बघतोस तो लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. मुंबईच्या आसपास तो शोधत फिरू नकोस. पण त्याच्यासाठी लोकांनी ज्या युक्त्या काढल्या त्या आपल्या मरळीला बऱ्याचशा लागू पडतात, कारण शिकारीची रीत एकच. गवताच्या कडेला, कमळाच्या पानांखाली, बुडालेल्या फांदीशी दबा धरून बसायचं आणि समोरून बेडूक गेला की झडप. त्यामुळे व्हिडिओ बघणं सोडू नकोस. फेकायचं कसं, ल्यूर चालवायचं कसं, काठाकडे बघून मासा कुठे असेल ते ताडायचं कसं, हे त्यांच्याकडून शीक. त्यांचं पंचांग आणि त्यांची खरेदीची यादी मात्र त्यांच्याकडेच राहू दे.

पंचांग म्हणजे काय ते सांगतो. तिकडे अर्धे व्हिडिओ वसंतातले असतात. थंडीनंतर पाणी तापत १५ ते २० अंशांच्या आसपास आलं की बास उथळ पाण्यात येऊन घरटं करतो, त्याच्या आधी काय टाकायचं, नंतर काय टाकायचं, असं सगळं. आपल्या तळ्याचं घड्याळ पावसावर चालतं. मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात. त्या दिवसांत पाण्यावर बारीक लालसर पिल्लांचा घोळका एकत्र तरंगताना दिसेल, आणि खाली आईबाप राखणीला असतात. त्या घोळक्यावर बेडूक टाकला तर मोठी मरळ हमखास अंगावर येते. भुकेनं नाही, रागानं. असे व्हिडिओ आपल्याकडचेही भरपूर आहेत. तू ते करू नकोस. राखणारी मासळी उचलली की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं साफ करतात, आणि पुढच्या वर्षी त्याच तळ्यावर तू बोंबलत बसतोस की इथे आता काही राहिलं नाही.

मार्च ते मे पाणी आटलेलं असतं, मासा थोड्या जागेत असतो, पण ऊन चढेपर्यंतच. पहिली लोकल पकडून उजाडताना काठावर पोचलास तर मजा आहे. दहानंतर घरी येऊन झोप.

आता एक गोष्ट अशी, जी बासवाले तुला कधीच सांगणार नाहीत, कारण त्यांच्या माशाला ती गरजच नाही. मरळ हवा घ्यायला वर येते. गढूळ, कोंदट पाण्यातही ती जगते ती याच्यामुळे. तळ्यावर गेलास की लगेच फेकायला सुरुवात करू नकोस. बस, आणि पाण्याकडे बघ. कुठेतरी 'बुळुक' होईल, वर्तुळ उठेल. थोड्या वेळानं तिच्याच आसपास पुन्हा होईल. तिथे मासा आहे हे तिनं स्वतः सांगितलं. ल्यूर त्या जागेवर आपटायचा नाही, दोन-तीन हात पलीकडे टाकायचा आणि तिच्या डोक्यावरून ओढत आणायचा.

दुसरं म्हणजे, व्हिडिओतला माणूस बासच्या तोंडात अंगठा घालून त्याला उचलतो. बासचे दात सँडपेपरसारखे बारीक, त्याला चालतं. मरळीच्या तोंडात खरे दात आहेत. अंगठा घातलास तर पुढचा महिनाभर टायपिंग विसर. लांब तोंडाची पक्कड आधी घे, बेडूक नंतर.

सामानाचं उद्या लिहितो, भरती साधायची आहे.

तळ्याकाठची
मी बदलापूरला राहते, लोकलने काठी नेण्याचा अनुभव भरपूर आहे. एकसंध सात फुटी काठी घेऊन सेंट्रलच्या डब्यात चढायचं धाडस करू नका. दोन तुकड्यांची घ्या, साडेतीन फुटांत बसते, पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घातली की टोकही सुरक्षित. आणि बाहेर पडताना ओव्हरहेड वायरचं भान ठेवा. कार्बनची काठी वीज वाहून नेते. स्टेशनवर काठी जोडायची नाही, विजेच्या तारांखाली फेकायचं नाही, ढग गडगडायला लागले की काठी आडवी ठेवून निघायचं.

पावसाळ्यात पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची (साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. गमबूट घाला. एकट्यानं जाणार असाल तर कुठल्या तळ्यावर जाताय ते घरी सांगून जा. मी सांगून जाते, तरी आई दर तासाला फोन करते आणि नेमका तेव्हाच मासा येतो.

खाडीपार
हां, सामान.

बेटकास्टर नको. तो हात बसल्यावर भारी आहे, पण सुरुवातीला त्याचा स्पूल (दोरा गुंडाळलेली चकरी) दोऱ्यापेक्षा जोरात फिरतो आणि आत गुंता होतो, मग अर्धी सकाळ सुई घेऊन गाठी सोडवण्यात जाते. साधं स्पिनिंग रील घे, ३००० साइजचं. काठी ७ फूट, मीडियम-हेवी (जरा ताठ), फास्ट अ‍ॅक्शन (टोकाकडेच वाकणारी). शिमानोचं सिएना किंवा त्याच पायरीचं दुसरं कुठलंही रील चालेल, डेकॅथलॉनच्या कॅपरलॅनमध्येही कामापुरतं मिळतं. तुझ्या बजेटचा मोठा वाटा काठी-रीलवर जाऊ दे. ल्यूरवर पैसे उधळू नकोस, ते माशापेक्षा माणसांना जास्त फसवतात.

दोरा ब्रेडेड (विणलेला) घे, ३० ते ४० पौंडांचा. पण तो गुळगुळीत स्पूलवर थेट गुंडाळलास तर आख्खा गठ्ठा घसरून फिरत राहतो. खाली थोडा तंगूस गुंडाळ, त्याला ब्रेडेड बांध. गाठ पालोमार शिक, एवढीच पुरे. दोरा दुहेरी करून गळाच्या भोकातून घाल, साधी गाठ सैल मार, जो फास राहील त्यातून गळ पूर्ण ओवून घे, थुंकी लाव आणि ओढ. थुंकी लावायला विसरू नकोस, कोरडा दोरा घासून कमजोर होतो.

ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरा किती जोराला सुटू द्यायचा तो रीलचा ब्रेक, कसा लावायचा ते व्हिडिओत घाईघाईत उरकतात. घरी स्प्रिंगचा वजनकाटा असेल तर दोरा त्याला बांध, काठी धरून ओढ, आणि अडीच-तीन किलोला दोरा सुटायला लागेल असा ड्रॅग ठेव. त्याहून कमी ठेवलास तर मरळ गवतात घुसते आणि तिथून तिला कोणी काढू शकत नाही.

ल्यूर तीनच घे. पोकळ रबरी बेडूक, ज्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर असतात, म्हणजे जलपर्णीत अडकत नाही. त्याचे झालरीसारखे पाय कात्रीनं थोडे कमी कर, नाहीतर मासा पायच धरून सोडून देतो. दुसरा स्पिनरबेट (फिरत्या पात्याचा ल्यूर), गढूळ पाण्यासाठी, कारण पात्याची थरथर माशाला दिसण्याआधी जाणवते. तिसरं, मऊ प्लास्टिकचा किडा आणि ३/० चा ऑफसेट गळ, वर गोळीसारखं शिसं. यालाच ते टेक्सास रिग म्हणतात. गळाचं टोक प्लास्टिकच्या आत लपवायचं, म्हणजे फांद्यांमधूनही निघतं.

हे सगळं घेऊन थेट तळ्यावर जायचं नाही. गळ नसलेलं एखादं वजन बांध आणि सकाळी मैदानात जा. लोक हसतील, हसू देत. तर्जनीवर दोरा घे, बेल (रीलवरची दोरा अडवणारी तारेची कडी) उघड, काठी मागून पुढे आण आणि ती डोक्याच्या जरा पुढे आली की बोट सोड. वजन पायाशी आपटलं तर उशिरा सोडलंस, आकाशात गेलं तर लवकर. पडल्यावर बेल हँडल फिरवून बंद करायची नाही, हातानं बंद कर आणि दोरा एकदा बोटानं ताण. ब्रेडेडमध्ये जे गुंते होतात त्यातले निम्मे या एका सवयीनं जातात. समोर चप्पल ठेव आणि वीस पावलांवरून ती मारता येईपर्यंत हेच कर. तळ्यावर मासा गवताच्या कडेला असतो, कडेपासून वीतभर चुकलं तर तो बघतही नाही.

जागेचं म्हणशील तर विहार आणि तुळशी डोक्यातून काढून टाक, पिण्याचं पाणी आणि राष्ट्रीय उद्यान आहे. तानसाही अभयारण्यात. गावांतली तळी बरीचशी मासेमारीसाठी ठेक्यानं गेलेली असतात, ग्रामपंचायतीत विचार, ठेकेदाराशी बोल. बहुतेक जण काही पैसे घेऊन सकाळभर फेकू देतात. न विचारता फेकलंस तर काठी जाईल आणि शिव्या मिळतील, आणि त्या शिव्या रास्त असतील.

हात बसला की इकडे उरण-पनवेलच्या खाडीवर ये. जिताडा याच काठीवर येतो, फक्त दोऱ्यापुढे जाड फ्लोरोकार्बनचा लीडर (पुढे जोडायचा मजबूत दोऱ्याचा तुकडा) हवा, कारण त्याच्या गालफडाची कड सुरीसारखी असते. मोठा लागला तर फोटो काढ आणि सोड. तो नर म्हणून वाढतो आणि मोठेपणी मादी होतो, म्हणजे खाडीतली बहुतेक मोठी जिताडी ही अंडी घालणारी.

कर्जतचं_शेततळं
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझं कर्जतला शेततळं आहे. बासची पिल्लं कुठून मागवून सोडता येतील का? भांडुपकरांसारख्यांना आठवड्याला बोलावता येईल, चार पैसेही सुटतील.

तळ्याकाठची
कृपा करून नको. जपानचं बघा. १९२५ साली अमेरिकेतून बास आणून आशी तलावात सोडला, आणि पुढे तो देशभर पसरला. बिवा तलावात २००९ साली पकडलेला बास १९३२ च्या जॉर्जियातल्या जुन्या विक्रमाला बरोबरीनं टेकला, दोन्ही २२ पौंडांच्या वर. ऐकायला भारी वाटतं, पण तिथल्या मूळ माशांचं त्यानं वाटोळं केलं आणि शेवटी जिवंत बासची ने-आण करायलाच कायद्यानं बंदी आली. तुमचं शेततळं जुलैत ओसंडलं की पाणी कुठे जातं? उल्हासमध्येच ना?

मरळ सोडा. तिला बाजारात भावही चांगला आहे.

कर्जतचं_शेततळं
पटलं. सांडवा थेट ओढ्यात जातो. मरळीचं बघतो.

रोहूवाला
मरळ सोडणार असाल तर त्याच तळ्यात रोहूची बोटभर पिल्लं सोडू नका, ती सगळी तिच्या पोटात जातील. जाळी लावून वेगळा कोपरा करा. आणि काठावर एखादं झाड असू द्या, आमच्यासारख्यांना बसायला.

भांडुपकर
सगळ्यांचे आभार. काठी आणि रील आलं, मैदानात चप्पल मारणं चालू आहे, आता पोरं पैज लावायला लागली आहेत. शहापूरच्या बाजूला एका ठेकेदाराशी बोलून एक सकाळ फेकूनही आलो. बेडकावर मासा आला, पाणी फुटलं, मी हिसका दिला आणि बेडूक उडून माझ्याच दिशेनं. परत तेच. गळ बोथट आहे की काय? आणि रीलचं हँडल डाव्या हातानं फिरवू की उजव्या?

खाडीपार
गळ नखावर टेकवून बघ. घसरला तर बोथट, रुतला तर ठीक. मरळीचा जबडा हाडाचा, त्यामुळे धार हवीच. शिवाय पक्कडीनं बेडकाचे दोन्ही गळ किंचित बाहेर वाकव, अगदी केसभर.

पण तुझा घोटाळा बहुतेक घाईचा आहे. पाणी फुटलेलं डोळ्यांना दिसतं आणि हात लगेच उठतो, तेव्हा बेडूक अजून तिच्या ओठांत असतो. पाणी फुटलं की काठीचं टोक खाली माशाकडे कर, सैल दोरा गुंडाळ, आणि हाताला वजन लागलं की मग कंबरेपासून जोरात हिसका दे. वजन लागलंच नाही तर काही करू नकोस, बेडूक तिथेच राहू दे आणि थोड्या वेळानं नुसता हलव. बऱ्याचदा ती परत येते.

हँडल डावीकडे लाव. उजव्या हातानं फेकतोस ना? मग काठी त्याच हातात राहील, हात बदलायची गरज नाही. बहुतेक स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, पलीकडची टोपी फिरवून काढ.