छळछावणी म्हणू, श्रमछावणी की आणखी काही?

परवा भाचीला फोनवर एक कादंबरी सुचवली. रशियन लेखक सोल्झेनित्सिनची, इव्हान देनिसोविच शुखोव या कैद्याच्या एका दिवसाची. "कशावर आहे रे मामा?" माझी लोकल कुर्ल्याला शिरत होती, घाईत म्हणालो, "स्टालिनच्या काळातली रशियातली छळछावणी." ती लगेच, "नको, मला ते गॅस चेंबर वगैरे वाचवत नाही."

म्हणजे शब्द माझा चुकला. 'छळछावणी' म्हटलं की मराठी वाचकाला हिटलरच आठवतो. या पुस्तकात गॅस चेंबर नाही. उणे सत्तावीस अंशांत भिंत बांधणारा माणूस आहे. अर्धी भाकर गादीत शिवून ठेवणारा, स्वतः ओतलेला अॅल्युमिनियमचा चमचा बुटात जपणारा. 'श्रमछावणी' म्हणावं तर श्रमदान शिबिरासारखं वाटतं. नुसतं 'छावणी' म्हटलं तर आमच्या सोलापूरकडच्या माणसाला दुष्काळातली चारा छावणी दिसते. काय म्हणावं?

परळकर : 'गुलाग' तसंच ठेवा. मात्र मुळात ते छावणीचं नाव नाही, छावण्या चालवणाऱ्या सरकारी खात्याचं आद्याक्षरी नाव आहे. पुढे लोक छावणीलाच गुलाग म्हणू लागले. आपण नाही का म्हणत, "तो म्हाडात राहतो"? म्हाडा हे खातं, राहतो तो इमारतीत.

वकीलकाका : कोर्टात 'सश्रम कारावास', पेपरात 'सक्तमजुरी'. मला दुसरा शब्द जास्त आवडतो. यातला 'सक्त' म्हणजे फारसीतला कठीण, कडक. 'सक्ती'ही त्याच घरातली, पण मराठीत आल्यावर तिचा अर्थ जबरदस्ती झाला. त्यामुळे 'सक्तमजुरी'त आपल्याला कष्ट आणि जबरदस्ती दोन्ही ऐकू येतात. 'सक्तमजुरीची छावणी' म्हणा, भाचीला बरोबर कळेल.

मूळ प्रश्नकर्ता : काका, पण 'मजुरी' म्हणजे कामाचा मोबदलाही. 'वेठबिगार' कसा वाटतो?

वकीलकाका : बिगार म्हणजे फुकट काम. शुखोवचं काम अगदी फुकट नाही, तिथेच तर मेख आहे. टोळीचं काम कागदावर किती टक्के भरलं त्यावर भाकरीचं वजन ठरतं. भाकरी हीच मजुरी. आणि ते टक्के नीट 'भरवून' घेणारा मुकादम भेटला तर टोळी जगते. मुंबईकराला टक्केवारी समजावून सांगायला नको!

परळकर : मुकादम! अगदी बरोबर. शुखोवच्या टोळीचा प्रमुख त्युरिन, त्याला 'ब्रिगेडियर' म्हटलं तर वाचकाला लष्करातला अधिकारी वाटेल. ऊसतोडीच्या टोळीला असतो तसा मुकादमच तो. १०४ नंबरची टोळी. तसंच रशियन कैदी स्वतःला म्हणतात तो शब्द 'झेक' असा लिहिला तर लोक प्रागचा माणूस समजतील. सरळ 'कैदी' लिहावं.

साइटवरची : मी बांधकामातली, म्हणून मला ते भिंतीचं प्रकरण भिडलं. माल गोठायच्या आत ठोकळा बसवायचा, थर सरळ गेला पाहिजे. शुखोव आवडीची थापी लपवून ठेवतो, कारण दुसऱ्याच्या थापीने हात बसत नाही. आमचे गवंडीही थापी कुणाला देत नाहीत. काम थांबवायची वेळ झाल्यावरही तो उरलेला माल संपवत राहतो आणि निघताना मागे वळून भिंत बघतो, सरळ झाली का. लेखक स्वतः कझाकस्तानातल्या एकिबास्तुझच्या छावणीत गवंडीकाम करत होता, ते वाचताना कळतं. कृपया इथे 'मॉर्टर', 'ट्रॉवेल' लिहू नका. माल, थापी, घमेलं, ओळंबा. (घमेलं पोर्तुगीज, आणि 'तुरुंग'ही. दोन्ही पाहुणे एकाच गलबतातून आलेले.)

मूळ प्रश्नकर्ता : ताई, तुमचं वाचून ठरलं. 'छळ' शब्द काढला. त्या भिंतीपाशी शुखोव जवळजवळ खूश असतो, ते 'छळछावणी'त मावतच नाही. १९६२च्या नोव्हेंबरात ही कादंबरी 'नोवी मीर' मासिकात छापून आली, तीसुद्धा तेव्हाचा सोव्हिएत नेता खुद्द ख्रुश्चेव्ह याच्या परवानगीने. याचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं. पुस्तक आक्रोश करत नाही, हजेरी लावल्यासारखा दिवस सांगतं.

वकीलकाका : शेवटी त्याच्या शिक्षेचे दिवस येतात, तीन हजार सहाशे त्रेपन्न. लीप वर्षांमुळे तीन जास्तीचे. 'शिक्षा काटली' हे हिंदीवरून उचललेलं लिहू नका. 'शिक्षा भोगली' बरोबर, पण फार सरकारी.

मूळ प्रश्नकर्ता : मग 'दिवस काढले'? मराठीत हालात जगलेल्या माणसाबद्दल आपण हेच म्हणतो.

साइटवरची : हो. भाचीला तेच सांगा, एका माणसाने एक दिवस कसा काढला त्याची गोष्ट.

मूळ प्रश्नकर्ता : तसाच मेसेज टाकला. उत्तर आलं, "मामा, पानं किती?"