पाया आणि पश्चिमेची बाजू आधी ठरवा

भाऊ, जळगावजवळ २० बाय ४० फुटांचा पश्चिममुखी प्लॉट, त्यात दोन बेडरूम आणि गाडी कशी बसवायची, असं तुम्ही विचारलंय. खोल्या बसतील. मला काळजी जमिनीची वाटते, कारण तुम्ही काळी माती असल्याचं लिहिलंय.

ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून पाया पक्का मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फारच खोल असला तर अंडर-रीम्ड पाइल (जमिनीत खोल उतरवलेले, तळाशी फुगीर केलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ठरवून घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर सोडू नका. खोदकामात निघालेली काळी माती जोत्यात अजिबात भरू देऊ नका. ठेकेदाराचा फेरा वाचतो, पण पुढे फरशी उचलली जाते. मुरूमच भरा, थराथराने, पाणी मारून, धुमसून.

दुसरं म्हणजे ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तुमचा रस्ता पश्चिमेला आहे ते सोयीचंच आहे: पोर्च, जिना, बाथरूम पुढे घ्या, त्यांच्या सावलीत हॉल येईल. झोपायच्या खोल्या मागे, पूर्वेला. जुन्या धाब्याच्या घरांत छतावर मातीचा जाड थर असायचा, म्हणून दुपार सुसह्य व्हायची. नुसता स्लॅब रात्रीही तापलेला राहतो. गच्चीवर उतार काढून पांढरा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत टाइल्सचे फुटके तुकडे, बसवा; बजेट नसेल तर दर उन्हाळ्याआधी चुना मारा.

बाजूचं अंतर मात्र मंजूर नकाशाप्रमाणे सोडाच. शेजारी भिंतीला भिंत लावून बांधतो म्हणून तुम्ही तसं करू नका, मधल्या खोलीला हवा तिथूनच मिळणार आहे.