पुणे ग्रामीण: खुनाचा तपास १४ महिने अडकलाय. सीआयडी किंवा सीबीआयकडे द्यायचा तर सुरुवात कुठून?

मुठाकाठ:
पुणे ग्रामीण हद्दीतल्या एका ठाण्यात खून आणि जबरी चोरीचा गुन्हा दाखल आहे. १४ महिने झाले, आरोपी अज्ञातच. या काळात तपासी अंमलदार दोनदा बदलले. एलसीबीने (जिल्ह्याच्या स्थानिक गुन्हे शाखेने) सुरुवातीला समांतर तपास केला, पुढे त्याचं काय झालं ते फिर्यादीला कोणी सांगत नाही. आता ठाण्यातून तोंडी निरोप आलाय की 'अ समरी' (आरोपी सापडत नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल) पाठवणार. फिर्यादी म्हणजे मृताचा मुलगा. घरच्यांना तपास दुसऱ्या यंत्रणेकडे हवाय. सीआयडीचं (राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचं) मुख्यालय पुण्यातच आहे, तर अर्ज थेट तिथे चालेल का? मॅजिस्ट्रेट असा आदेश देऊ शकतात का? आणि हायकोर्टात जायचंच झालं तर मुंबई की आता कोल्हापूर?

शिवाजीनगर_बार:
शेवटचा प्रश्न सोपा, तो आधी संपवतो. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, पण त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहाच जिल्हे आहेत. पुणे मुंबईलाच.

सीआयडीचं कार्यालय इथे असलं म्हणून तिथल्या आवक खिडकीवर अर्ज देऊन तपास वर्ग होत नाही. पुण्यात हा गैरसमज फार आहे. सीआयडी स्वतःहून गुन्हा उचलत नाही, त्यांच्याकडे तपास पोलीस महासंचालकांच्या किंवा गृह विभागाच्या आदेशाने जातो, नाहीतर न्यायालयाच्या. अर्ज त्या दोघांना करा आणि प्रत सीआयडीला द्या.

मॅजिस्ट्रेटबद्दल: ते सीबीआयला तपास देऊ शकत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने हे २००१ मध्येच सांगितलंय. दुसऱ्या कुठल्या यंत्रणेकडे तपास द्यायचा किंवा नव्याने पहिल्यापासून करायला लावायचा, हे अधिकार वरच्या न्यायालयांचे (विनय त्यागी निकाल, २०१३). पण म्हणून मॅजिस्ट्रेटला वगळू नका. साकिरी वासू निकालाप्रमाणे (२००८) ते तपासावर लक्ष ठेवू शकतात, प्रगती अहवाल मागू शकतात. तपासी अंमलदार बदलण्याची शिफारस करू शकतात, हे २०१६ च्या सुधीर तांबे निकालात आलंय. मॅजिस्ट्रेटकडे तपासाचा आदेश मागायचं फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १५६(३) आता नागरिक सुरक्षा संहितेत १७५(३) आहे. त्याला प्रतिज्ञापत्र लागतं आणि आधी एसपींकडे (पोलीस अधीक्षकांकडे) कलम १७३(४) खाली अर्ज केल्याचा पुरावा लागतो. इथे एफआयआर आहेच, तरी एसपींना दिलेला अर्ज आणि त्याची पोच हातात ठेवूनच कोर्टात उभं राहा. हायकोर्टही पहिल्याच तारखेला तेच विचारतं: वरिष्ठांकडे गेलात का, मॅजिस्ट्रेटकडे का नाही गेलात?

अजून एक. त्याच संहितेच्या कलम १९३(३) प्रमाणे तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. १४ महिन्यांत लेखी काहीच आलं नसेल तर तो मुद्दा अर्जात पहिल्या परिच्छेदात घ्या.

तपासटिपण:
यंत्रणा कोणती हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न पुरावा किती दिवस जिवंत राहणार हा.

मोबाईल कंपन्यांना कॉल तपशील किमान २ वर्षं जपावे लागतात (डिसेंबर २०२१ च्या आधी १ वर्ष होतं). तुमचे १४ महिने गेले, म्हणजे हातात १० महिने. घटनास्थळाचा टॉवर डम्प (त्या टॉवरवर त्या वेळी असलेल्या सगळ्या मोबाईलची नोंद) काढला होता का, किती वेळेचा काढला, कोणकोणत्या कंपन्यांचा, हे विचारा. बऱ्याच गुन्ह्यांत डम्प घटनेच्या आसपासच्या तासा-दोन तासांचा असतो. रेकी आदल्या दिवशी झाली असेल तर ती त्यात कुठून दिसणार? हा डेटा मागवायला एसपी दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्यामुळे अर्ज ठाण्यात नुसता देऊन उपयोग नाही, एसपींच्या नावे द्या आणि 'डेटा नष्ट होण्याआधी जतन करावा' अशी वेगळी मागणी करा.

सीसीटीव्हीचं गणित वेगळं. साधा डीव्हीआर (फुटेज साठवणारं यंत्र) १५ ते ३० दिवसांत स्वतःवरच लिहितो. त्या वेळी हार्ड डिस्क जप्त केली असेल तर आशा आहे. नुसतं पेनड्राईव्हवर फुटेज घेतलं असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र (पूर्वीचं ६५ ब) जोडलंय का ते बघा. वर्षभराने ते द्यायला दुकानदार सापडत नाही, सापडला तर सही करत नाही.

मग मुद्देमाल. गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत काय पाठवलं, कोणत्या तारखेला, सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचे अहवाल) आले का. मृताच्या नखांखालचे नमुने, रक्त, केस, बोटांचे ठसे हे प्रत्येक वेगळं विचारा. 'रिपोर्ट प्रलंबित' असं उत्तर आलं तर कशाचा प्रलंबित ते लेखी मागा. ठसे राज्याच्या आणि देशाच्या संग्रहाशी पुन्हा ताडून बघायला सांगा, कारण १४ महिन्यांत नवे आरोपी पकडले गेलेले असतात आणि जुना ठसा आज जुळू शकतो. जबरी चोरी आहे तर गेलेल्या दागिन्यांची वजनासकट यादी आणि मोबाईलचा आयएमईआय (हँडसेटचा ओळख क्रमांक) जबाबात आहे का? नसेल तर पुरवणी जबाब द्या. आयएमईआय पुन्हा चालू झालाय का हे एकदाच तपासून सोडून देतात, दर काही महिन्यांनी तपासायला हवा.

अर्जात 'तपास नीट झाला नाही' असं लिहिलं की फाईल वरून खाली त्याच ठाण्याकडे 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' येते. त्याऐवजी न झालेल्या गोष्टी नावानिशी लिहा. सात-आठ पुरे आहेत, पानं भरू नका.

नार्कोची मागणी घालू नका. संशयिताच्या संमतीशिवाय ती होत नाही (सेल्वी निकाल, २०१०) आणि बाकीचा अर्ज हलका पडतो.

मुठाकाठ:
धन्यवाद दोघांनाही. अ समरी दाखल झाली तर सगळं संपलं का? घरच्यांना तीच भीती आहे.

शिवाजीनगर_बार:
नाही. अ समरीचा अर्थ गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही. ब म्हणजे फिर्याद खोटी, क म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. अ मध्ये घरच्यांच्या बाजूचीच एक गोष्ट कागदावर येते, की गुन्हा घडलाय. समरी मंजूर करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन ऐकायचं असतं (भगवंत सिंग निकाल, १९८५). त्या नोटिशीची वाट बघा आणि ती आली की निषेध अर्ज (समरीला लेखी हरकत) दाखल करा, वर तपासटिपण यांनी सांगितलेल्या त्रुटी त्यात जशाच्या तशा घाला. नोटीस घेऊन 'हरकत नाही' वर सही मागितली जाते, ती करू नका. मंजूर झाली तरी धागा मिळाल्यावर १९३(९) खाली पुढचा तपास होतो. ९० दिवसांची मर्यादा खटला सुरू झाल्यानंतरच्या तपासाला आहे, इथे ती लागू नाही.

घोरपडी_गेट:
सीबीआयच्या नावाने एवढी आशा कशाला, हे मला कळत नाही. पुण्याचंच बघा. डॉ. दाभोलकरांची हत्या २० ऑगस्ट २०१३ ला ओंकारेश्वर पुलावर झाली, हायकोर्टाने तपास मे २०१४ मध्ये सीबीआयला दिला, सीबीआयची पहिली अटक जून २०१६ मध्ये. गोळ्या झाडणाऱ्यांपर्यंत पोचायला ऑगस्ट २०१८ उजाडला, तेही नालासोपाऱ्याच्या शस्त्रसाठ्याच्या एटीएस (दहशतवादविरोधी पथक) तपासातून. निकाल मे २०२४ मध्ये: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांच्या खुनाच्या प्रकरणात (जानेवारी २०१०) तर २०१४ मध्ये खुद्द सीबीआयने बंद अहवाल दिला होता. सीबीआयला राज्यात तपास करू देणारी सर्वसाधारण संमती राज्याने ऑक्टोबर २०२० मध्ये काढली आणि २०२२ मध्ये परत दिली, पण कोर्टाला त्या संमतीची गरजच नाही (पश्चिम बंगाल निकाल, २०१०). त्याच निकालात हा अधिकार जपून, अपवादानेच वापरावा असंही आहे. अनोळखी चोरट्याने केलेला खून त्या अपवादात बसवणं अवघड आहे. आरोपी कोणी वजनदार असल्याचं किंवा ठाण्यातलेच लोक गुंतल्याचं काही कागदावर असेल तर गोष्ट वेगळी.

तपासटिपण:
याच्याशी सहमत, आणि एक तोटा जोडतो. यंत्रणा बदलली की साक्षीदारांचे जबाब पुन्हा नोंदवले जातात. पहिल्या आणि दुसऱ्या जबाबातला वेळेचा, कपड्यांचा फरक पुढे बचाव पक्षाच्या वकिलाच्या हातात आयता पडतो. शिवाय केस डायरी, मुद्देमाल, लॅबला गेलेले नमुने यांचं हस्तांतरण होताना सील क्रमांक आणि पावत्या जुळल्या नाहीत तर साखळी तुटते. त्यामुळे चढती मागणी करा: आधी एसपींनी तपास उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा पूर्णपणे एलसीबीकडे द्यावा. समांतर तपास म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही. मग महासंचालकांकडून एसआयटी (विशेष तपास पथक) किंवा सीआयडी.

शिवाजीनगर_बार:
हायकोर्टात प्रार्थना त्याच क्रमाने लावा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ ची फौजदारी रिट, प्रतिवादी म्हणून गृह विभाग, महासंचालक, एसपी, ठाणे. पहिली मागणी सीलबंद प्रगती अहवालाची, दुसरी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीची, तिसरी एसआयटी किंवा सीआयडी, सीबीआय शेवटी आणि पर्यायी. अनेकदा नोटीस निघाली की सरकारी वकिलांना उत्तर द्यायला म्हणून ठाण्यातली फाईल हलते, पहिली-दुसरी मागणीच पुरेशी ठरते. जोडपत्रं: एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, प्रत्येक अर्ज आवक शिक्क्यासह, तारखांची यादी. मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं आधीच करून घ्या. माहिती अधिकाराच्या अर्जावर कलम ८(१)(ज) (तपासात अडथळा येईल) दाखवून नकार येईल, तोही जोडा.

राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कोणी पाठवलं तर लक्षात ठेवा, ते पोलिसांच्या गैरवर्तनाची चौकशी करतं. तपास तिथून वर्ग होत नाही.

मुठाकाठ:
खर्चाचं काय? कुटुंबाची परिस्थिती बेताची आहे.

शिवाजीनगर_बार:
शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, ते निषेध अर्जासाठी वकील देतं. रिटसाठी मुंबईला हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करावा लागेल. उत्पन्नाची अट राज्यात वार्षिक ३ लाख आहे, पण विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना ती लागू नाही. मृताची पत्नी हयात असेल तर याचिका त्यांच्या नावे करा. वारस म्हणून त्याही कायद्याने पीडितच, फिर्यादी मुलगाच असायला हवा असं नाही.